शेळीला वीस प्रश्न, पिशवीला एकही नाही

(धाराशिव जिल्ह्यातील बचतगटांच्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

फलकावर माझ्या विषयाचं नाव 'रजोनिवृत्ती' असं लिहिलंय. मघाशी मागच्या रांगेतल्या एका मावशींनी शेजारणीला विचारलं, "ही कोणती नवी योजना गं? फॉर्म कुठं भरायचा?" मावशी, या योजनेला फॉर्म लागत नाही. बाईच्या जन्माला आलं की यादीत नाव असतंच. साध्या भाषेत, पाळी जाणं. ती जायच्या आधी काही वर्षं अशी असतात की धड येत नाही आणि धड जातही नाही. त्या वर्षांबद्दल मला बोलायचं आहे.

मुलीला न्हाण आलं की आपण हळदकुंकू लावतो, ओटी भरतो, भावकीला जेवायला बोलावतो. तीच पाळी जायला निघते तेव्हा घरात कुणाला पत्ता नसतो. सुनेला सांगायची लाज, सासूला सांगायची सोय नाही. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, "तुझं रोजचंच काहीतरी." मग बाई एकटीच धास्तावते.

आमच्या गटातल्या एक अक्का एकदा बैठकीत म्हणाल्या, "माझ्या पाळीचं मराठवाड्याच्या पावसावाणी झालंय. दोन-दोन महिने टिपूस न्हाई, अन् आला की ढगफुटी." सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर एक जण हळूच म्हणाली, "माझंबी तसंच हाय." मग दुसरी, मग तिसरी. बारा जणींच्या गटात पाच जणी निघाल्या. दर महिन्याला एका सतरंजीवर बसून पैसे मोजणाऱ्या आम्ही, पण हे एकमेकींना ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून आमची बोलीच बदलली. येळवशीच्या आधीची थंडी होती. सगळ्या शाली पांघरून बसलेल्या, आणि त्या अक्कांना दरदरून घाम फुटला. पदरानं वारा घेत त्या म्हणाल्या, "पंखा लावा गं, माझा मे महिना आला." तेव्हापासून 'मे महिना' हा आमचा परवलीचा शब्द झाला. गड्यामाणसांत बसूनही बोलता येतो. आमची हिशेब लिहिणारी एकदा बेरीज तीनदा चुकल्यावर वही भिंतीवर फेकून रडत निघून गेली. पुढच्या बैठकीला ती येईना, तेव्हा दोघी तिच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "चल, वहीला लागलं नाही. आज बेरीज आम्ही करतो, तू नुसत्या चुका काढ." आली. हसण्याचा एक नियम मात्र आम्ही पाळतो. जिच्या अंगावर आलंय, तिनं आधी हसायचं. तिच्याआधी दुसरीनं हसायचं नाही.

आता नेमकं होतं काय ते सांगते. आपल्या पोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. त्यांच्यातून निघणाऱ्या संप्रेरकांवर पाळी चालते. चाळिशीनंतर त्यांचं काम कमीजास्त व्हायला लागतं. म्हणून पाळी लवकर येते, उशिरा येते, कधी फार जाते. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप उडते, छातीत धडधडतं, नाव ओठांवर असून आठवत नाही, उगाच रडू येतं. हे चार-पाच वर्षं चालतं, कुणाचं जास्तही. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. आपल्याकडे साधारण 46-47 व्या वर्षी जाते, कुणाची पन्नाशीनंतरही. तोवर दिवस राहू शकतात, हेही ध्यानात ठेवा. चाळिशीच्या आत गेली तर मात्र तपासून घ्यायचं.

हा आजार नाही, आणि करणी-बाधा तर नाहीच. पण त्रास खरा आहे. तो सोसण्यातच मोठेपणा आहे असं मी म्हणणार नाही. त्याला औषधं आहेत, तपासणी करून ती घेता येतात.

इथवर हसलो. पुढचं सांगताना मला मान खाली घालावी लागते.

आमच्यातली एक जण दर दिवाळीला नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. तिच्या अंगावरून फार जायचं. तोडीवर कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई आजारी पडली की खाडा लागतो, पैसे कापले जातात. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. ती तेव्हा तेहतीस वर्षांची होती. तिनं गटाकडे कर्ज मागितलं. आम्ही एका बैठकीत मंजूर केलं. बाईच्या अडचणीला गट धावला म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्याच बैठकीत दुसरीनं शेळीसाठी कर्ज मागितलं होतं. आपल्या उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे, आपल्याला तिच्यातलं सगळं कळतं. आम्ही विचारलं: कितव्या वेताची? दात बघितले का? जुळी देते का? दूध किती? दुसऱ्या बाजारात भाव काढला का? बांधणार कुठं? शेळीला वीस प्रश्न विचारले. पिशवीला एकही नाही.

आज ती बाई एक्केचाळीस वर्षांची आहे. ऑपरेशन झाल्या महिन्यापासून तिला वाफा सुरू झाल्या. आता कंबर धरून उठते. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचले तेव्हा कळलं, पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढलेले होते. म्हणजे आपण जी वाट काही वर्षांत हळूहळू चालतो, ती तिला एका दिवसात पार करायला लावली. बीजकोष इतक्या लवकर गेले की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

ही एकटीची गोष्ट नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या ऑपरेशनांवरून 2019 साली आरडाओरडा झाला, तेव्हा शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सर्वोच्च न्यायालयानंही 2023 च्या एप्रिलमध्ये सर्व राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा. आपल्या भूम, परंडा, वाशी, कळंबकडूनही बाया तोडीला जातात. हे वारं आपल्या अंगणातलंच आहे.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधानं रक्त थांबतच नसेल, तर ते करावं लागतं. पण "लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?" हे बोलणं मला खपत नाही. म्हैस भाकड झाली की बाजार दाखवतात. बाई म्हैस नाही. आणि पाळी गेल्यावर "सुटले बाई, आता देवाला शिवता येतं" म्हणून जी खूश होते, तिला मी विचारते, इतकी वर्षं तुला शिवू दिलं नाही, ते कुणी ठरवलं होतं?

प्रश्न विचारणं आपल्याला नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली, सास्तूर-लोहाऱ्याकडची गावं पडली. नंतर घरं बांधायची वेळ आली तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग'च्या कामातून गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. मिस्त्रीला विचारायला लागल्या, सिमेंट किती, वाळू किती, कोपऱ्याला गज कुठाय? अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. भिंतीसाठी मिस्त्रीला अडवणारी बाई पोटासाठी डॉक्टरला का विचारणार नाही?

आम्ही आता कर्जाच्या वहीच्या पहिल्या पानावर प्रश्नच लिहून ठेवलेत. मला नेमकं काय झालंय? कोणत्या तपासणीत दिसलं? आधी औषधानं बघता येईल का? बीजकोष ठेवणार की काढणार? नाही केलं तर काय होईल? आणि दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवलं का?

मागच्या वर्षी चव्वेचाळीस वर्षांची एक जण असाच कर्जाचा अर्ज घेऊन आली. आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि दोघी तिच्यासोबत गेलो. बाहेर बाकावर बसून तिला हसवत राहिलो, कारण भीतीनं तिचे हात गार पडले होते. तपासणीत रक्त फार कमी निघालं, पिशवीत एक लहान गाठ. गोळ्या सुरू झाल्या. पिशवी जागेवर आहे. त्या कर्जाच्या पैशात तिनं शेळी घेतली. हो, वीस प्रश्न विचारूनच!

काही खुणा मात्र अंगावर काढायच्या नाहीत. पाळी गेल्याला वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जायला लागलं, तासातासाला कापड भिजलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. तासातासाला भिजत असेल तर त्याच दिवशी. 'वयानं होतंय' म्हणून थांबू नका.

घरी गेल्यावर दोन कामं करा. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच्या शेजारी पाळीच्या तारखेला एक टिकली लावा. डॉक्टरपुढं ती टिकल्यांची रांगच तुमची साक्षीदार. आणि गटात प्रत्येकीनं एक जोडीदारीण ठरवा. दवाखान्यात सोबत जाणारी, तुम्ही चिडलात तर मनावर न घेणारी, रात्री झोप लागली नाही तर सकाळी विहिरीवर "कसं हाय गं?" असं विचारणारी. जिला घरात विचारणारं कुणी नाही, त्या एकट्या बाईची जोडीदारीण आधी ठरवा.

आता मी थांबते. मघाच्या मावशी वारा घ्यायला लागल्यात. पंखा लावा गं कुणीतरी!