सोलापूरचा घाट जमिनीखाली

भूरसायनशास्त्राचा, म्हणजे खडकातील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून त्याचा उगम शोधणाऱ्या शास्त्राचा, आढावा अध्यक्षीय भाषणाकडून अपेक्षित असतो. तो थोडक्यात आटोपणेच श्रेयस्कर.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला आणि आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा बेसाल्ट नुसत्या डोळ्यांना सगळीकडे सारखाच काळा दिसतो. वॉशिंग्टन या खडकशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये त्याची रासायनिक पृथक्करणे प्रसिद्ध केली. पुढे १९८०च्या दशकात कॉक्स, हॉक्सवर्थ, हूपर, महोनी आणि मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव आदींच्या कामातून सह्याद्रीच्या घाटातील थरांची बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी शैलसमूहांत विभागणी रूढ झाली. तिचा मोठा आधार म्हणजे स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, परस्परांशी असलेले गुणोत्तर. रुबिडियम-८७ हे अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलते आणि जुन्या भूकवचात रुबिडियम भरपूर असते. त्यामुळे खालच्या प्रावरणातून वर येताना ज्या शिलारसाने वाटेतले कवच विरघळवून घेतले, त्याचे गुणोत्तर वाढते. आंबेनळीचे ते ०.७०४च्या आसपास, तर बुशेचे ०.७१३च्याही वर आढळते, आणि म्हणून पहिला शिलारस बराचसा निर्भेळ व दुसरा भेसळीचा ठरतो. आंध्रातील राजमहेंद्रीचा बेसाल्ट सुमारे हजार किलोमीटर वाहत तेथे पोहोचला असावा, हे अनुमानही घाटातील थरांशी जुळणाऱ्या रासायनिक साम्यावरच मुख्यत्वे उभे आहे.

येथवर कोणाचीच तक्रार नसावी. तक्रार आहे ती सोलापूरपाशी. घाटात हजार मीटरहून अधिक जाडीचे थर एकावर एक उघडे पडलेले असल्याने नमुना कोणत्या थरातला, हे तेथे दिसतेच. सोलापूरच्या सपाट माळावर मात्र खडकाची उभी चिरलेली बाजू दिसते ती मुख्यतः विहिरीत. असे असूनही सडकेकडेच्या खाणीतून दगड उचलावा, अहवाल आला की तक्त्याशी ताडून त्याला ‘पोलादपूर’ वा ‘आंबेनळी’ म्हणावे आणि नकाशा रंगवावा, ही रीत इतकी रुळली आहे की विहिरीत उतरणारा संशोधक आता वेडगळ समजला जातो.

रासायनिक विभागणी खरी की लाव्हाच्या प्रवाहांच्या आकार-रचनेवरून केलेली, हा वाद या व्यासपीठावर अनेकदा रंगला आहे. प्रस्तुत वक्त्यापुरता तो दक्षिण सोलापुरातील एका विहिरीत मिटला. १९७२च्या दुष्काळात खोल केलेल्या त्या विहिरीतील दोन नमुन्यांचे पृथक्करण परगावच्या एका प्रयोगशाळेतून आले, ते दोन निराळ्या शैलसमूहांकडे बोट दाखवणारे होते, आणि त्यावर निष्कर्षाची पाने लिहूनही झाली होती. विहीर खोदणाऱ्या वृद्ध वडाराने ती पाने न वाचताच सांगितले, की गेरूचा थर वर एकदाच लागला. त्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पाषाण, सगळा दगड एकाच घाणीचा. गेरू म्हणजे दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेला लाल मातकट थर, तर मांजऱ्या म्हणजे प्रवाहाच्या माथ्याचा, वायूच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला खडक. त्या खनिजांनी आणि झिरपत्या पाण्याने मांजऱ्यांतून उचललेल्या पहिल्या नमुन्यातील बेरियम व स्ट्रॉन्शियमचे प्रमाण बदलले होते; जागचे सहसा न हलणारे झिर्कोनियम आणि निओबियम मात्र दोन्ही नमुन्यांत जुळत होते. लिहिलेली पाने अर्थातच फाडावी लागली. प्रयोगशाळेचे आकडे अचूकच होते, चूक दगड उचलणाऱ्या हाताची होती. रसायनशास्त्र चुकले असे यावरून म्हणणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये.

शिवाय नुसते साम्य म्हणजे नाते नव्हे. जबलपूर-मंडला भागातील प्रवाह मूलद्रव्यांच्या प्रमाणात घाटातील प्रवाहांसारखेच दिसतात, परंतु त्यांतील बहुतेकांची शिशाच्या समस्थानिकांची गुणोत्तरे वेगळी पडतात.

खेदाची गोष्ट अशी, की विहिरीच बुजत चालल्या आहेत. मोट गेली, पंप आला, पाणी आटले. मग बोअर मारले गेले आणि विहिरीत ट्रॉल्यांनी मुरूम व राडारोडा पडू लागला. बोअरमधून वर येतो तो खडकाचा चुरा, ज्यात गेरू, मांजऱ्या आणि पाषाण एकत्र कालवलेले असतात. थर वेगळे कळतात ते खास अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्रांतून: ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याखाली जुना पायाखडक लागला. पण अशी छिद्रे तालुक्या-तालुक्यात कोण घेणार?

तेव्हा जिल्ह्यातील जुन्या विहिरींची नोंदवही करावी, प्रत्येक थराचा नमुना खोलीसह जपावा, असे सुचवावेसे वाटते. नोंदवही कोणी ठेवायची आणि नमुने कोठे, हे परिषदेने सवडीने ठरवावे. उद्याच्या क्षेत्रभेटीत खाणीऐवजी विहिरीवर जावे, अशी विनंती संयोजकांना कळवण्यात आली असून दोर आणि शिडीची व्यवस्था झालेली आहे.