वाढती महागाई आणि आपले घर
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



महागाई आणि कुटुंब या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही; वर्गात इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु महागाई कळण्यास पंडित असावे लागत नाही. ती सर्वांत आधी घरातल्या बाईला कळते, मग किराणा दुकानदाराला आणि सर्वांत शेवटी शाळेला. शाळेला ती कशी कळते म्हणाल, तर फीची तारीख उलटून जाते, सहलीच्या यादीतून एखादे नाव गळते, वही भरली तरी नवी येत नाही, आणि एके दिवशी वडील किंवा थोरला भाऊ ऑफिसात येऊन शाळा सोडल्याचा दाखला मागतो. बहुतेक वेळा तो दाखला मुलीचा असतो. हा शेवटचा टप्पा टाळता यावा, म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

महागाई ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रेशनवर मिळणारी ती परदेशी लाल ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, ती खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, आणि १९७४-७५ साली आपल्याकडील घाऊक किंमती एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या. आजच्या तरुण पालकांना असे वर्ष माहीतच नाही.

आता यातली गंमत पहा. ज्या तेलाने आपल्या आयाआज्यांच्या स्टोव्हमधले रॉकेल महाग केले, त्याच तेलाच्या पैशातून आखातात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या, आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आपली माणसे तिकडे जाऊ लागली. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी पक्की घरे त्या कमाईची आहेत. म्हणजे एकाच घटनेने आपल्या एका हातातून काढून घेतले आणि दुसऱ्या हातात घातले. पण जे हातात पडले, ते कायमचे आहे असे आपण धरून चाललो, हे मात्र बरे झाले नाही.

कारण ते कायमचे कधीच नव्हते. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले, तेव्हा १ लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले; कित्येकजण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. २०११ मध्ये सौदी अरेबियात स्थानिकांना नोकऱ्या देण्याचा निताकतचा कायदा आला. जुलै २०१७ पासून तेथे कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर बसला आणि तो दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेला. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला १६०० रियाल नुसते राहण्याचे! मग घरधनी तिकडे आणि बायकामुले इकडे, असे झाले. ही मुले ऐन वर्षाच्या मध्यावर आमच्यासारख्या शाळांच्या दारात येतात. तेथे ती इंग्रजी शाळेत शिकलेली असतात. येथे त्यांना मराठीचा धडा वाचता येत नाही आणि हुशार मूल वर्गात खाली मान घालून बसते. करवाढीचा हा परिणाम कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

आखातातून पैसे येणाऱ्या घरांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरशी बांधलेला आहे, ३.७५ रियाल म्हणजे १ डॉलर. आपला रुपया डॉलरपुढे घसरला की तेवढ्याच रियालचे येथे जास्त रुपये होतात, आणि घरात वाटते की कमाई वाढली. वास्तविक पगार होता तेवढाच असतो. शिवाय रुपया घसरला की बाहेरून येणारे खनिज तेल, खाद्यतेल, सोने हे सारे आपल्याला महाग पडते, म्हणजे वाढलेल्या रुपयांतले बरेचसे बाजार परत घेऊन जातो. तेव्हा अशा वाढीव रुपयांच्या भरवशावर नवा हप्ता बांधून घेऊ नये. जुने कर्ज फेडावे, किंवा मुलांच्या नावाने वेगळे ठेवावे.

जे कधी परदेशी गेले नाहीत, ज्यांची वाडी आहे, होडी आहे, लहानसे दुकान आहे, त्यांची अनिश्चितता निराळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. भाताचे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. सुपारीचे झाड लावले तर फळ धरायला पाचसात वर्षे थांबावे लागते. म्हणजे त्या वर्षी सातवीत असलेल्या मुलाची दहावी-बारावी होऊन गेली तरी वाडी पूर्ववत् उत्पन्न देईलच असे नाही. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पूर आला तेव्हा दुकानांतला माल एका रात्रीत गेला. भाव वाढणे आणि उत्पन्न बुडणे या दोन निरनिराळ्या आपत्ती आहेत. आपल्या घरांवर त्या बहुधा जोडीने येतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी थोडे गणित. वर्तमानपत्रात येते की महागाई कमी झाली, आणि आई म्हणते की कुठे काय कमी झाले? दोघेही खरे बोलत असतात. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. चढण्याचा वेग मंदावला एवढेच. १०० रुपयांची वस्तू दरसाल ६ टक्क्यांनी वाढली तर पुढच्या वर्षी १०६, त्याच्या पुढच्या वर्षी ११२ रुपये ३६ पैसे, आणि अशीच चढत सुमारे १२ वर्षांत ती दुप्पट होते. पहिलीत प्रवेश घेतलेले मूल बारावीला पोचेपर्यंत घरखर्च दुप्पट होणार, असे धरून चालावे. ज्या घरात १२ वर्षांत पगार दुप्पट झाला, ते घर पुढे गेले नाही, जागच्या जागी राहिले. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण परीक्षेपुरते सोडविता, ते हे आहे.

आणि भूगोल कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्यांनी आपल्या घरातील तेलाचा डबा पहावा. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचे बरेचसे युक्रेन आणि रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटले, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर काही आठवडे बंदी घातली, आणि आपल्याकडे तळणीचे पदार्थ महाग झाले. यात आपल्या गावच्या दुकानदाराचा काडीचाही दोष नव्हता, तरी बिचाऱ्याने बोलणी खाल्ली. याउलट २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो १०० रुपयांच्या वर गेले आणि काही आठवड्यांत उतरले. अशा वेळी रागावण्यापेक्षा कोकम किंवा चिंच वापरलेली बरी. कोणता भाव उतरणार आणि कोणता चढलेलाच राहणार, हे ओळखता आले की निम्मी घबराट जाते.

आता घरे या सर्वांना तोंड कशी देतात? आपल्या जुन्या बायका पावसाळ्यापूर्वी आगोट भरत. तांदूळ, डाळी, मसाला, सुके बोंबील, सुकट, जवळा, कोकम, लाकूडफाटा, सारे मे महिन्यात घरात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. हंगामात स्वस्त असताना घेऊन ठेवणे याहून चांगला उपाय अजून कोणी काढलेला नाही. आज आपण रोज लहान पाकिटे आणतो. पाकिटाची किंमत तीच राहते, आतला माल मात्र गुपचूप कमी होतो. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापावी लागते. ते बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. त्यांचे डोळे चांगले असतात.

दुसरा आधार भिशीचा. १२ जणींनी दरमहा १००० रुपये घातले की प्रत्येकीला एकदा १२००० एकरकमी मिळतात, व्याज नाही, कागदपत्र नाही. माझ्या मते भिशीसारखी उत्तम सोय नाही, पण ती ओळखीच्या माणसांत आणि लहान रकमेची असेल तोवरच. जेथे भिशीचा लिलाव होतो, किंवा कधी न पाहिलेला माणूस दुप्पट रकमेचे आमिष दाखवितो, तिला भिशी म्हणू नये. ज्या भगिनींना जूनमध्ये शाळेचा खर्च असतो, त्यांना जूनची उचल द्यावी, एवढा समजूतदारपणा भिशीच्या बायकांनी दाखविला तर कितीतरी दाखले वाचतील.

तिसरा मार्ग कर्जाचा, आणि येथे मी जरा थांबतो. व्याज द्यावे की न द्यावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मी केवळ हिशेब मांडतो. गल्लोगल्ली बायकांचे गट करून कर्ज दिले जाते. समजा, १०,००० रुपये १ वर्षासाठी, "फक्त १२ टक्के". वर्षाचे व्याज १२०० आधीच मिळवून ११,२०० चे १२ हप्ते पाडतात. महिन्याला सुमारे ९३३ रुपये. पण पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करीत असता; सहा महिन्यांनी निम्मी रक्कमही तुमच्याकडे उरलेली नसते, तरी व्याज पूर्ण १०,००० वर. नीट हिशेब केला तर हा दर १२ नव्हे, साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: व्याज उरलेल्या रकमेवर आहे की मूळ रकमेवर? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून असाही नियम केला आहे की, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असे बिनतारण कर्ज देताना त्या घराचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीला आलेल्या माणसाला हा नियम आपल्या मुलाने वाचून दाखवावा.

काटकसर कोठे करावी यावर फार बोलत नाही. प्रत्येक घर ते जाणते. परंतु आपण दूध कमी करतो, अंडी-डाळ कमी करतो, मुलीचे शिक्षण बंद करतो, आणि लग्नाचा मंडप मात्र शेजाऱ्याच्या मंडपापेक्षा दोन खांब लांब असावा असे धरतो, हे मला कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने १० ग्रॅमला १ लाख रुपयांचा टप्पा गाठला. वीस वर्षांपूर्वी घरात जितके तोळे दिले गेले, तितकेच आजही द्यावेत असा आग्रह धरणारी मंडळी या सभेतही असतील. त्यांनी रागावू नये. फक्त आकडेमोड करून पहावी.

मुलीचे शिक्षण हा खर्च आहे असे समजून तो कापला जातो, म्हणून एक माहिती देतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. तांबोळी, पिंजारी, बागवान अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. जे कोणत्याच आरक्षणात नाहीत, ते आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात बसू शकतात. अडते ते कागदावर. इतर मागासवर्गीयांच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुधा नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. अशा वेळी चुलत आजोबांचा, आजोबांच्या बहिणीचा, भावाचा दाखला पहावा. त्या काळी गुरुजी जसे सांगितले तसे लिहीत, आणि एकाच घरातील एका भावाच्या नावापुढे बिरादरी सापडते, दुसऱ्याच्या नाही.

गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यातला उतारा मागण्यास नाव, वडिलांचे नाव आणि अंदाजे जन्मसाल पुरते. अर्ज कसा लिहावा हे ज्यांना अवघड वाटत असेल, त्यांनी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. आम्ही लिहून देऊ. मात्र दहावी-बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. निकालानंतर तहसीलदार कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच रांग लागते, आणि जातीच्या दाखल्याला व त्याच्या पडताळणीला त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. नववीत असतानाच ते काम हाती घ्या.