पट्ट्यांवरून पटणारी ओळख



दिवंगत गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाकडे वळतो. वाघ मोजावा कसा, हा तो विषय. महाकालाच्या या नगरीत व्याघ्रचर्म सर्वांच्या परिचयाचे. प्रत्यक्ष वाघ मात्र फार दूरचा वाटतो. तो तितका दूर नाही.

अनेक वर्षे आपल्याकडे वाघांची गणती पंजाच्या ठशांवरून होत असे. माती बदलली की ठसा बदलतो, आणि एकाच वाघाचे कागदावर दोन होतात. राजस्थानातील सरिस्का येथे २००५ मध्ये आणि आपल्याच राज्यातील पन्ना येथे २००९ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदोपत्री वाघ होते, जंगलात नव्हते.

छायाचित्राची साक्ष निराळी. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात वाटेवर तार ताणून वाघाकडूनच त्याचे छायाचित्र काढवून घेतले. १९९०च्या दशकात डॉ. उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे या युक्तीला संख्याशास्त्राची जोड दिली. आता तारेऐवजी शरीराची उष्णता व हालचाल टिपणारे यंत्र असते. वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. टिपलेले वाघ पुन्हा किती वेळा दिसतात, यावरून न टिपलेल्यांचाही अंदाज येतो. काम चिकाटीचे. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांत वाघांची निघाली ७६,६५१. म्हणजे वाघाच्या एका चित्रामागे इतरांची साडेचारशे!

फेब्रुवारी २०१९ मध्ये गुजरातच्या महिसागर जिल्ह्यात एका शाळाशिक्षकाने रस्त्यालगत वाघ पाहिला व त्याचे छायाचित्र घेतले. पुढे वनखात्याच्या कॅमेऱ्यानेही तो टिपला. पट्टे जुळवून पाहता तो भोपाळजवळच्या रातापानीचा निघाला. आता नकाशा उघडा. रातापानी पूर्वेस, महिसागर पश्चिमेस, आणि मध्ये पसरलेला आपला माळवा. दोन्ही टोकांना छायाचित्रांची साक्ष आहे; मधल्या शेतीच्या मुलखात कॅमेरे कोण बांधणार? त्याच महिन्याच्या अखेरीस तो वाघ महिसागरच्या रानात मृत आढळला.

डिसेंबर २०२४ मध्ये रातापानीला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तरुण नर नव्या मुलखाच्या शोधात बाहेर पडतात, तसे तेथूनही पडणारच. देवास जिल्ह्यातील खिवनी अभयारण्य त्यांच्या वाटेवरचे. पुढे ओढ्याकाठचा झाडोराच काय तो आडोसा. आपल्यापैकी ज्यांची शेती तिकडे आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की तो झाडोरा राखावा, आणि ठसा दिसल्यास गर्दी जमण्याआधी वनरक्षकाला कळवावे.