रक्ताची गुठळी आणि फुरसे

मंडळी, विचुंब्यापासून रत्नागिरीपर्यंत फुरसे कोणाला ठाऊक नाही? ते चावले की हिरड्यांतून रक्त येते, थांबत नाही. लोक म्हणतात, विषाने रक्त पातळ झाले. खरे तर विषाने रक्त गोठवायला घेतलेले असते!

आपल्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन निजून असते. यकृत ते घडविते. जखम होताच दहावा व पाचवा घटक कॅल्शियमच्या साह्याने तेथे जमतात आणि त्याची साखळी दोन जागी तोडतात. मग थ्रॉम्बिन जागे होते, फायब्रिनोजेनपासून तंतू करते आणि गुठळी बनते.

फुरशाच्या विषातल्या एकारिनला ना कॅल्शियम लागते, ना जखम. ते साखळीवर एकच घाव घालते आणि प्रोथ्रॉम्बिन भलतीकडेच जागे होते. फायब्रिनोजेन उगाच खर्ची पडते. जखमेपाशी काही उरत नाही. अशा वेळी दंश चिरणे म्हणजे न थांबणारी आणखी एक जखम करणे.

डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे थांबतात. गोठले नाही, तर प्रतिविष देतात. यकृताला फायब्रिनोजेन भरून काढायला अवधी लागतो, म्हणून 6 तासांनी पुन्हा तीच नळी.