वृत्तपत्राचे शील

(नागपूर येथील उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. जुना राग जागवावा म्हणून मी हे सांगत नाही. वृत्तपत्र काय छापत नाही, हाही नीतीचाच प्रश्न आहे, एवढे ध्यानात यावे.

वृत्तव्यवसायाने आपले नियमन आपणच करावे, या हेतूने राजाध्यक्ष आयोगाने १९५४ साली प्रेस कौन्सिलची शिफारस केली. १९६६ साली ती स्थापन झाली. नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे न्यायाधीश न्यायमूर्ती मुधोळकर हे तिचे पहिले अध्यक्ष. आणीबाणीत ती मोडली गेली व १९७८च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. दोषी पत्राला ती ताकीद देते, त्याची निर्भर्त्सना करते. दंड करू शकत नाही. हीनता सूचित होईल अशा रीतीने कोणाची जात छापू नये, असा तिचा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. परंतु २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा कित्येक दिवस मोठ्या पत्रांना त्या गावाची वाट सापडली नाही. प्रारंभीच्या काही वृत्तांत तर मृत मातेच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडविले होते. आणि खैरलांजी नागपुराहून दूर नाही!

मग शिक्षेचा कायदा मागावा काय? मला तसे वाटत नाही. तो प्रथम उगारला जाईल लहान, निर्धन पत्रावर. आणि ते पत्र बहुधा आपलेच असेल. आपण पंचशील ग्रहण करतो ते कोणाच्या धाकाने नव्हे. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शिक्षापद आपण स्वखुशीने घेतो. संपादकानेही ते तसेच घ्यावे.

यात आपली पत्रे अपवाद नाहीत. अत्याचाराची वार्ता आली की रक्त तापते, आणि ती न पडताळताच छापावीशी वाटते. पण एक चुकीचे नाव, एक फुगविलेला आकडा पुढे न्यायालयात आरोपीच्या वकिलाच्या कामी येतो. चूक झालीच, तर ज्या पानावर ती छापली त्याच पानावर दुरुस्ती छापावी. कोपऱ्यात दडवू नये.

‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले, तरी पैशाअभावी ते १९२९ साली बंद पडले. म्हणून माझी घरोघरच्या वाचकांना विनंती आहे: वर्गणी वेळेवर भरा, आणि अंकात काही खोटे आढळले, मग ते आपल्या बाजूचे का असेना, तर संपादकांना पत्र लिहा.

जयभीम!