महेश्वरचे हातमाग : राजाश्रय ते बाजारपेठ

(भाषणाचा मजकूर)



ग्रामीण उद्योगांना उत्तेजन द्यावे, या म्हणण्यास सहसा कोणाचा विरोध नसतो. सभेत तसा ठराव मांडला तर तो एकमताने संमत होतो. अडचण येते ती पुढे. उत्तेजन म्हणजे नेमके काय, ते कोणी द्यावयाचे आणि उद्योगाच्या कोणत्या टप्प्यावर द्यावयाचे, याचा उलगडा ठरावातून होत नाही. इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेल्या महेश्वर या गावाने मात्र या प्रश्नाचा अनुभव अडीच शतके घेतला आहे. तेथील हातमागाची हकीकत माळवा-निमाडातील ग्रामस्थांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी ध्यानी घ्यावी, अशी आहे.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ साली राज्याची सूत्रे हाती घेतली आणि महेश्वर ही आपली राजधानी केली. त्यांनी बांधलेले घाट, मंदिरे आणि धर्मशाळा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या औद्योगिक दृष्टीची चर्चा त्या मानाने कमी होते. सुरत, बऱ्हाणपूर आदी ठिकाणांहून कुशल विणकर बोलावून त्यांनी महेश्वरात वसविले, अशी परंपरा सांगते. कारागिरांना बोलावणे व राहण्यास जागा देणे हे त्या काळच्या इतर संस्थानिकांनीही केले. येथे विशेष हा की, दरबार स्वतःच विणकरांचा कायमचा गिऱ्हाईक झाला. राजघराण्यातील स्त्रियांसाठी नऊवारी लुगडी, पागोट्यांचे कापड, पाहुण्यांना व नातलगांना द्यावयाची वस्त्रे यांची मागणी वर्षभर चालू राहिली. आज विणलेले वस्त्र उद्या कोण घेणार, ही चिंता विणकराला उरली नाही. त्यामुळेच नक्षीकडे लक्ष देण्याइतकी सवड त्याला मिळाली. महेश्वरी काठावरची चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, नर्मदेच्या लाटा ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून व घाटाच्या दगडांवरून उचललेली आहे, असे मानले जाते. या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो आणि पदरावर पाच पट्टे असतात. ही वैशिष्ट्ये आजही ओळखीची खूण म्हणून सांगितली जातात.

अहिल्याबाई १७९५ मध्ये निवर्तल्या. पुढे महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. महेश्वरात घाट राहिले, किल्ला राहिला, विणकरही राहिले. गेले ते गिऱ्हाईक. कौशल्यात तिळमात्र उणेपणा आलेला नसताना एखादा उद्योग कसा खचतो, याचे हे बोलके उदाहरण होय. त्यानंतर विलायती गिरण्यांचे कापड आले, मग देशी गिरण्यांचे आले. खुद्द इंदुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकर दरबारनेच कापड गिरणी काढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथे खाजगी गिरण्याही उभ्या राहिल्या.

या गिरण्यांविषयी येथे थोडे विषयांतर करणे अगत्याचे आहे, कारण हातमाग जुना म्हणून बुडणार आणि गिरणी नवी म्हणून तरणार, असा समज पुष्कळ काळ प्रचलित होता. इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ साली बंद पडली. तेथील हजारो कामगारांना आपल्या देण्यासाठी तीन दशकांहून अधिक काळ न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले आणि सुमारे २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला. तोवर कित्येक कामगारांनी इहलोक सोडला होता. गिरणीचा भोंगा थांबला त्या काळातही महेश्वरच्या गल्ल्यांतून मागाचा खटखटाट ऐकू येत होता. याचा अर्थ हातमाग यंत्राहून श्रेष्ठ आहे, असा काढण्याचे कारण नाही. हातमागाला भांडवल कमी लागते, तो घरात बसतो आणि घरातील सर्व हात त्याला लागतात. म्हणून तो पडत्या काळात तग धरतो, इतकेच. तग धरणे आणि भरभराटणे यांत फार अंतर आहे.

होळकर संस्थानाने १९२१ मध्ये महेश्वरात विणकाम व रंगकामाचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. सुधारित पद्धती कारागिरांसमोर प्रत्यक्ष करून दाखवाव्यात, हा त्यामागील हेतू होता आणि तो स्तुत्य होता. पूर्वी प्रामुख्याने सुती असलेल्या साडीत विसाव्या शतकात रेशमाचा ताणा आला. आज जिला लोक महेश्वरी म्हणून ओळखतात, ती रेशीम व सूत यांच्या मिलाफाची हलकी, उन्हाळ्यातही सोसवणारी साडी होय. तथापि स्वातंत्र्योत्तर काळात संस्थान विलीन झाले, उरलासुरला राजाश्रयही संपला आणि १९७० च्या दशकापर्यंत बरेच माग कोपऱ्यात उभे करून ठेवण्याची वेळ आली.

१९७८ साली रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. रेवा हे नर्मदेचेच नाव. त्यावरून हे नामकरण झाले. तोवर विणकर घरातील स्त्रिया कांड्या भरणे, सूत उकलणे अशी पूरक कामे करीत. रेहवाने त्यांना प्रत्यक्ष मागावर बसविले, विणकामाचे शिक्षण दिले आणि त्यांच्या हाती त्यांची स्वतःची मजुरी पडू लागली. संस्थेने मुलांची शाळा, आरोग्य व घरे यांकडेही लक्ष पुरविले. परंतु या प्रयोगाच्या यशाचे मर्म अन्यत्र आहे. संस्थेने मोठ्या शहरांतील गिऱ्हाईक शोधले, त्याची आवड जाणून घेतली आणि वर्षभर पुरेल इतके काम विणकरांकडे आणले. दोनशे वर्षांपूर्वी दरबाराने जे केले, तेच नव्या काळात बाजारपेठेच्या मार्गाने करण्याचा हा प्रयत्न होता. आज महेश्वरातील मागांची संख्या पुन्हा हजारांत मोजली जाते आणि रेहवाबाहेरही अनेक कुटुंबांनी व सहकारी संस्थांनी स्वतंत्रपणे धंदा उभा केला आहे.

मागणीच्या शाश्वतीला एवढे महत्त्व का, हे ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांना चटकन उमगत नाही. मागावर उभे लावलेले धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने आडवे टाकले जाणारे धागे म्हणजे बाणा. ताणा एका साडीपुरता लावीत नाहीत. तो दहाबारा साड्यांना पुरेल इतका लांब असतो. मागावर एक ताणा संपला की नव्या ताण्याची हजारो टोके जुन्या टोकांना एकेक करून सांधावी लागतात आणि या सांधणीत विणकराचे दिवस मोडतात. म्हणजे पहिली साडी विकली जाण्यापूर्वीच पुढच्या दहाबारा साड्यांचे रेशीम विकत घेऊन, रंगवून, मागावर चढवून झालेले असते. रंग चुकला, गिऱ्हाईक फिरले किंवा दुकानदाराने पैसे थांबविले, तर हे सारे भांडवल मागावरच अडकून पडते. शेतकरी पेरणी करून पावसाची वाट पाहतो, तशीच ही अवस्था आहे. फरक एवढाच की, शेतकऱ्याच्या संकटाची आणेवारी काढली जाते. विणकराच्या संकटाची निघत नाही.

कच्च्या मालाची कथाही विचार करावयास लावणारी आहे. निमाड हा कापसाचा मुलूख. खरगोन जिल्ह्याच्या शेतातून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जातात. असे असूनही महेश्वरी साडीचे बारीक सूत बहुतांशी कोइम्बतूरकडून येते, रेशीम बंगळूरकडून आणि जर सुरतेहून. डोळ्यांसमोरचा कापूस शेकडो कोस फिरून सूत होऊन येतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत वाढते. सॅली होळकर यांनीच पुढे स्थापन केलेल्या ‘विमेनवीव्ह’ या संस्थेने ‘गुडीमुडी’ या उपक्रमात स्थानिक कापूस अंबर चरख्यावर कातून त्याचे कापड विणण्याचा मार्ग धरला. तो साडीच्या सुताला पर्याय नव्हे. ते कापड जाडसर व निराळ्या जातीचे आहे. परंतु कापूस, कताई आणि विणाई यांची मजुरी एकाच परिसरात राहू शकते, हे त्याने दाखवून दिले. हातमागास सूत लडीच्या रूपात लागते, कारण लडी घरी रंगविता येते. म्हणून देशांतर्गत विक्रीच्या सुतापैकी ठराविक हिस्सा लडीच्या रूपात बांधण्याचे बंधन सूतगिरण्यांवर आहे. हा हिस्सा २०१९ मध्ये ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणण्यात आला. विणकर संस्थांनी या बदलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे जरूर आहे.

मध्यस्थ व्यापाऱ्याला दोष देण्याची रीत सर्वत्र आहे. सूत उधार देणारा आणि तयार साडी उचलणारा मुख्य विणकर किंवा व्यापारी नफा ठेवतो, हे खरे. परंतु ताण्यात अडकणारे भांडवल तोच पुरवितो आणि न खपलेल्या मालाची झळही पुष्कळदा तोच सोसतो, हेही तितकेच खरे. त्याला नुसते दूर सारून विणकराचे हित साधत नाही. तो जे काम करतो ते सहकारी संस्थेने किंवा बँकेने वेळेवर केले, तरच विणकर मोकळा होतो. विणकरांसाठी मुद्रा योजनेखाली ६ टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे. तिचा अर्ज भरून देण्यास ग्रामपंचायतीच्या पातळीवर कोणी जाणता माणूस मिळाला, तर ती सोय खऱ्या अर्थाने घरापर्यंत पोहोचते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार आहेत, त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत आणि निम्म्याहून अधिक विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी आहे. या शेवटच्या आकड्यापुढे विणकराचा मुलगा इंदूरच्या कारखान्यात का जातो, हे वेगळे विचारावे लागत नाही.

आता नकलेचा प्रश्न. यंत्रमागावर विणलेल्या किंवा नुसती नक्षी छापलेल्या साड्या ‘महेश्वरी’ या नावाने सर्रास विकल्या जातात. ज्या कामाला हातमागावर काही दिवस लागतात, ते यंत्रमागावर अल्पावधीत होते. साहजिकच किंमत कमी पडते आणि गिऱ्हाईक फसते. यावर कायद्याने उपाय योजिले आहेत. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने प्रारंभी २२ वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या होत्या. आता त्या ११ उरल्या आहेत. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि महेश्वरी साडीला त्याखाली नोंदणी मिळाली. तथापि विणकराने स्वतःचे नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदविले नाही, तर त्याला या संरक्षणाचा पुरता लाभ घेता येत नाही. २००६ पासून हातमाग चिन्हही आहे. गिऱ्हाइकाने ते चिन्ह मागावे. काठ निरखून पाहावा. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची बारीक छिद्रे हातमागाच्या कापडावर काठाशी बहुधा दिसतात. विणीत कोठेकोठे किंचित असमानता असते. तो दोष समजून भाव पाडणारे सुशिक्षित गिऱ्हाईक इंदुरात कमी नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

शिक्षकांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. इंदूर, धार, खरगोन या जिल्ह्यांतील शाळांच्या सहली घाट व किल्ला पाहून परततात. त्यांतला एक तास विणकराच्या घरी घालविला, तर ताण्याचे धागे, साडीची लांबी आणि लागणारे दिवस यांवरून मजुरीचे गणित मुलांना फळ्याशिवाय शिकविता येईल. विणकरांच्या मुलांसाठी तर हा विषय पोटाशी निगडित आहे. महेश्वरातील ‘हँडलूम स्कूल’ मध्ये निरनिराळ्या राज्यांतील तरुण विणकरांना रचना, हिशेब, व्यवहारापुरती इंग्रजी आणि गिऱ्हाइकाशी बोलणी यांचे शिक्षण दिले जाते. विणणे त्यांना घरीच येते. विकणे शिकावे लागते.

अधिकाऱ्यांपुढील काम अधिक स्पष्ट आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीचा ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. तो आता २५ टक्के असून त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहे. समारंभातील शाली, पाहुण्यांना द्यावयाची वस्त्रे, विश्रामगृहातील पडदे व चादरी ही खरेदी दरवर्षी होतच असते. राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या कार्यालयांनीही ती वर्षअखेरीस घाईने न करता वर्षारंभीच विणकर संस्थांना कळविली, तर विणकराला ताणा कोणत्या रंगाचा लावावा हे आधी समजते. इंदूरचे विणकर सेवा केंद्र नमुने व रंग यांबाबत मार्गदर्शन करते. मागणी नोंदविणाऱ्या कार्यालयाने या केंद्राचा सल्ला घेतल्यास नापसंतीचे प्रसंग टळतील.

मागणी नोंदविल्यानंतर उरतो तो पैशाचा प्रश्न. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावयाचे आहे. विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते. विणकरांच्या गटाने उद्यम नोंदणी करून घेतली असेल आणि पावतीवर माल स्वीकारल्याची तारीख लिहून घेतली असेल, तर हे व्याज मागता येते. बहुतेक ठिकाणी तारीख लिहून घेण्याचेच राहून जाते. माल पोहोचविणाऱ्याने ती तेथेच लिहून घ्यावी आणि कार्यालयातील लेखापालाने, कोणी न मागता, आपण होऊन लिहून द्यावी.