सुट्या भागांचे शिक्षण

(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेची विद्यार्थिनी. विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. परंतु आतल्या दालनात मुलांनी जोडलेला रेडिओ पाहताना मला पाठ्यपुस्तकात न येणारा एक इतिहास आठवला. तो आहे छंद म्हणून रेडिओ जोडणाऱ्यांचा आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या दुकानांचा. त्या इतिहासाच्या आधारे आपल्या शाळेने एक निर्णय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. म्हणून तो थोडक्यात सांगते.

23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी तयार रेडिओ सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. पण तारेचे वेटोळे, गॅलिनाचा खडा, उंच बांधलेली एरियल आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्या साहित्यावर, विजेवाचून, जवळचे केंद्र ऐकता येई. या खड्याच्या अशा उपयोगाचे अमेरिकन पेटंट 1904 साली आपल्या जगदीशचंद्र बसूंना मिळाले होते. साधा संच घरी जोडण्याच्या छंदात आपल्या देशाचा वाटा असा अगदी मुळापासून आहे.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पुढे सुट्या भागांची पेठ म्हणून देशभर प्रसिद्ध झाला. या पेठेचे वैशिष्ट्य असे, की तेथे एकच रेझिस्टन्स, एकच कंडेन्सर विकत मिळे. संपूर्ण यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला यंत्राचा एक तुकडा घेता येत होता. पुढचा तुकडा तो पुढच्या महिन्यात घेई.

या विद्येची किंमत सरकारलाही ठाऊक होती. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने स्थगित झाले. तरीही 1942 च्या आंदोलनात मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ऑगस्टमध्ये तो सुरू झाला तेव्हा उषा मेहता 22 वर्षांच्या होत्या. शिकागो रेडिओ या व्यापारी पेढीचे नानक मोटवाने यांनी त्या तरुणांना साहाय्य केले. जागा बदलत बदलत हे प्रक्षेपण चालले आणि 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी छापा घालून ते बंद पाडले. सुटे भाग आणि ते जोडणारे हात नसते, तर ते भाषण कोणाच्या कानी पोहोचले असते?

युद्ध संपल्यावर अमेरिकेत युद्धसाहित्यातले शिल्लक भाग स्वस्तात बाजारात आले. 1947 साली हीथ कंपनीने त्यांतून ऑसिलोस्कोप घरी जोडण्याचा संच विकायला काढला. ‘हीथकिट’ या नावाने तो उद्योग नावारूपाला आला. त्याच्या यशाचे मोठे कारण सोबतची पुस्तिका होती. एका वाक्यात एकच कृती सांगितलेली असे आणि ती पूर्ण झाली की तिच्यापुढे खूण करायची असे. भाषेची शिक्षिका या नात्याने मला हे फार मोलाचे वाटते. चांगल्या गद्याची ती कठीण परीक्षा आहे. वाक्य संदिग्ध झाले, तर जोडलेला संच मुका राहतो.

आता आपल्या रायपूरकडे येऊ. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. पण ते जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर. एक-दोन ट्रान्झिस्टरच्या साध्या संचाला जवळचे, जोरकस केंद्र लागते. ते रायपूरला 1963 साली मिळाले. आपली शाळा आणि आकाशवाणीचे हे केंद्र साधारण एकाच वयाचे आहेत. केंद्र आले, तरी भागांची मोठी पेठ दूरच होती. मुंबई-हावडा मार्गावरील गाडीने कोणी नातलग येणार असला, तर त्याला भागांची यादी पाठवावी, नाहीतर टपालाने व्ही.पी.पी. मागवावी. 1969 पासून दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले आणि मंडल-आकृत्या छोट्या शहरांतही पोहोचल्या; पण त्या इंग्रजीत. शिवाय रेडिओ बाळगायचा, तर 1933 च्या कायद्यानुसार परवाना हवा. त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. हे बंधन 1980 च्या दशकात संपले.

1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत झाला. त्यात रायपूर परिसरातील खेडीही होती. जाळीच्या मोठ्या छत्रीखाली संध्याकाळी गाव जमत असे. उपग्रह अमेरिकेचा होता. पण गावातले संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनविलेले होते आणि ते चालू ठेवायला दुरुस्ती जाणणारी माणसे लागत होती. छंदातून येणारी नजर अशा वेळी गावाच्या उपयोगी पडते.

पुढे तयार वस्तू स्वस्त झाल्या, आतले भाग इतके बारीक झाले की हाताने डाख देणे अवघड झाले. 1992 मध्ये हीथ कंपनीनेही संच विकणे थांबविले. छंद संपला, असे वाटत असतानाच 2005 साली इटलीत आर्डुइनो हा छोटा फलक तयार झाला. त्याची आकृती सर्वांसाठी खुली ठेवली गेली. आपल्या देशात 2016 पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा शाळांत येऊ लागल्या. बाजारात आज शाळांसाठी संचांची वाण नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण कपाटाच्या कुलपात आहे. शाळेतील प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. ती तुटली वा जळली, तर शिक्षकाला उत्तर द्यावे लागते. साहजिकच संच सुरक्षित राहतो आणि विद्यार्थी त्यापासून दूर राहतो. पेठेतून एकेक भाग आणणाऱ्या मुलाने उलटा जोडून जाळलेला ट्रान्झिस्टर हा त्याच्या शिक्षणाचा खर्च होता. शाळेत तोच नुकसान ठरतो.

म्हणून व्यवस्थापन मंडळाकडे माझी विनंती अशी, की रेझिस्टन्स, डायोड, ट्रान्झिस्टर, डाख यांची नोंद खडूप्रमाणे व्हावी. खडू झिजला म्हणून कोणी खुलासा मागत नाही. दर शनिवारी हे कपाट उघडे असावे. माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ इच्छितात. त्यांनी आणखी एक भिंतीवरचे घड्याळ देण्यापेक्षा या संपणाऱ्या साहित्याचा खर्च उचलावा आणि जमेल तेव्हा शनिवारी तासभर मुलांच्या शेजारी बसावे.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. प्रत्येक जोडणीची कृती तुम्ही मराठीत लिहा. पिवळा, जांभळा, लाल हे पट्टे म्हणजे 4700 ओहम, हे लहान भावाला कळेल अशा वाक्यात मांडा. ‘डाख’ हा शब्द आपल्या कारागिरांनी भांडी सांधताना वापरला. तो तुमच्या हाती पुन्हा कामाला लागू द्या. रायपुरात आपली मुले बाजारात हिंदी व छत्तीसगढी, तर परीक्षेसाठी इंग्रजी वापरतात. मराठी फक्त गणेशोत्सवासाठी आणि स्नेहसंमेलनासाठी उरली, तर या शाळेची पुढील साठ वर्षे मला अवघड दिसतात. जिच्यात काम सांगता येते आणि चूक शोधता येते, ती भाषा घरात टिकते.

प्रदर्शनातील एक संच मुलांनी मुद्दाम उघडा ठेवला आहे. त्याला हात लावू नये, अशी पाटी तेथे नाही. आपण सर्वांनी तो हाताळून पाहावा, अशी विनंती करते आणि प्रदर्शन खुले झाल्याचे जाहीर करते.